दुर्बीण आत गेली. पण नीट पाहिले गेले का?

‘दुर्बीण टाकून पाहिले, काही निघाले नाही.’ मोठ्या आतड्याची तपासणी करून आलेला माणूस असे सांगतो तेव्हा सगळ्या घराचा जीव भांड्यात पडतो. फाईल कपाटात जाते आणि तो विषय पुढे कित्येक वर्षे निघत नाही. बहुतेक वेळा हा दिलासा खरा असतो. पण तो किती खरा, हे तपासणी कशी झाली यावर अवलंबून असते. आतडे पुरेसे साफ होते का? दुर्बीण शेवटच्या टोकापर्यंत पोहोचली का? परत येताना डॉक्टरांनी पुरेसा वेळ देऊन पाहिले का? सापडलेला कोंब पूर्ण निघाला का? या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तरच ‘काही निघाले नाही’ या शब्दांना वजन येते.

हे प्रश्न आमच्या मनात आले ते पोलंड या देशातील काही अभ्यास वाचताना. तिथे हजारो निरोगी लोकांची अशी तपासणी झाली आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या कामाचाही हिशेब ठेवला गेला. त्या हिशेबातून जे निघाले, ते आपल्या घरातील प्रत्येक मोठ्या माणसाच्या कामाचे आहे.

आधी कोंब, मग कर्करोग

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. त्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी मांसाचे लहान कोंब उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप धोक्याचे नसतात. त्यातील ‘अ‍ॅडिनोमा’ नावाच्या प्रकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो; मात्र त्याला सहसा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. पोट दुखत नाही, भूक जात नाही. तपासणीचा सारा फायदा या मधल्या काळात आहे. कोलोनोस्कोपी करताना डॉक्टर कोंब पाहतात आणि बहुतेक वेळा त्याच बैठकीत तो काढूनही टाकतात. म्हणजे ही तपासणी रोग शोधते आणि काही जणांचा रोग होण्याआधीच रोखते.

२०२२ साली जगभरात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. भारतात याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते, आतड्याची होत नाही. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांची कोलोनोस्कोपी काही तक्रार आल्यावरच होते. शौचातून रक्त जाणे, कारण न कळता रक्त कमी होणे, शौचाची सवय बदलणे, वजन उतरणे, ही त्याची कारणे. रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्महिने घरगुती इलाज चालतो, हेही आपल्या घरांत नवीन नाही.

कोकणातून जाऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या नातलगांचा अनुभव वेगळा आहे. तिथे ५० ते ७४ वर्षांच्या माणसाच्या घरी दर दोन वर्षांनी टपालाने एक लहानसे पाकीट येते. शौचाचा नमुना त्यातील नळीत घेऊन परत पाठवायचा असतो. त्यात ठरावीक प्रमाणाहून अधिक रक्त आढळले, तर कोलोनोस्कोपीसाठी बोलावणे येते. पोलंडमध्ये मात्र २००० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लोकांची थेट कोलोनोस्कोपीच करण्यात आली.

डॉक्टरांचा हिशेब

या कार्यक्रमात तपासणी झालेल्या ४५,०२६ लोकांची आणि त्यांना तपासणाऱ्या १८६ डॉक्टरांची माहिती मिहाऊ कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केली. त्यांनी प्रत्येक डॉक्टरासाठी एक साधा आकडा काढला. त्या डॉक्टराने तपासलेल्या शंभर लोकांपैकी किती जणांत किमान एक अ‍ॅडिनोमा सापडला? याला आपण ‘शोधाचे प्रमाण’ म्हणू. हे सारे डॉक्टर साधारण एकाच वयाच्या, एकाच देशातील लोकांना तपासत होते. तेव्हा कोंब असणाऱ्यांची संख्या सर्वांकडे जवळपास सारखीच असायला हवी. एकाला शंभरात पंचवीस जणांत कोंब सापडतात आणि दुसऱ्याला दहाच जणांत, तर दुसऱ्याच्या नजरेतून पंधरा जणांचे कोंब सुटलेले असण्याचीच शक्यता अधिक.

नंतरच्या काही वर्षांत या लोकांपैकी ४२ जणांना, तपासणीत कर्करोग नाही असे ठरूनही, पुढची तपासणी येण्याआधीच आतड्याचा कर्करोग झाला. ज्या डॉक्टरांचे शोधाचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते, त्यांनी तपासलेल्या लोकांत अशा कर्करोगाचा धोका इतरांच्या तुलनेत दहा पटींहून अधिक निघाला.

आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसली. दुर्बीण आतड्याच्या शेवटपर्यंत किती वेळा पोहोचवली, या आकड्याचा या धोक्याशी तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. शेवटपर्यंत पोहोचणे आवश्यक आहेच. न पोहोचलेल्या भागात काय आहे हे कोणालाच कळणार नाही. पण पोहोचणे आणि पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. रस्ता संपेपर्यंत गाडी नेणारा माणूस वाटेतले प्रत्येक घर पाहतोच असे नाही.

२०१४ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने हीच दिशा दाखवली. १३६ डॉक्टरांनी केलेल्या ३,१४,८७२ तपासण्या त्यात होत्या. डॉक्टराच्या शोधाचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की त्याच्या रुग्णांत नंतर कर्करोग होण्याचा धोका ३ टक्क्यांनी आणि त्याने मृत्यू होण्याचा धोका ५ टक्क्यांनी कमी आढळला.

येथवर वाचून कोणाला वाटेल, चांगला डॉक्टर मिळणे हा नशिबाचा भाग आहे. पोलंडचे पुढचे पाऊल या समजुतीला उत्तर देते. तिथे डॉक्टरांना त्यांचे आकडे दाखवण्यात आले, कोण कुठे आहे हे त्यांना कळू लागले आणि केंद्रांच्या प्रमुखांसाठी प्रशिक्षणही झाले. २०१७ साली २९४ डॉक्टरांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश डॉक्टर आधीपेक्षा वरच्या श्रेणीत गेले होते. जे सर्वांत वरच्या श्रेणीत पोहोचले किंवा तिथे टिकले, त्यांच्या रुग्णांत पुढे कर्करोग होण्याचा धोका बराच घटला होता. नजर शिकवता येते आणि आपल्या कामाचा आकडा समोर आला की माणूस ते काम अधिक काळजीने करू लागतो.

युरोपात सध्या हे प्रमाण किमान २५ टक्के असावे अशी अपेक्षा ठेवली जाते. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनांनी २०२४ साली ते ३५ टक्क्यांवर नेले. आपल्याकडे हा रोगच कमी असल्याने हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण आपल्या कामाची मोजदाद ठेवणे कोणत्याही रुग्णालयाला शक्य आहे.

परतीची सहा मिनिटे

दुर्बीण आत नेताना डॉक्टरांचे लक्ष वाट काढण्याकडे असते. खरी पाहणी परत बाहेर आणताना होते. आतड्याच्या भिंतीला पडद्याच्या चुण्यांसारख्या घड्या असतात आणि कोंब त्या घड्यांच्या मागे दडतात. प्रत्येक घडी बाजूला करून तिच्या मागे पाहणे, साचलेले पाणी ओढून घेणे, चिकटलेली घाण धुणे, गरज पडल्यास रुग्णाला कुशीवर वळवणे, या सर्वाला वेळ लागतो.

२००६ साली अमेरिकेतील बारा डॉक्टरांवर झालेला एक अभ्यास या क्षेत्रात फार गाजला. परतीच्या प्रवासाला सरासरी सहा मिनिटे किंवा अधिक वेळ देणाऱ्यांना २८.३ टक्के लोकांत कोंब सापडले. त्याहून कमी वेळ देणाऱ्यांना ११.८ टक्के लोकांतच. तेव्हापासून सहा मिनिटे हा किमान वेळ मानला गेला. अमेरिकेत आता सरासरी आठ मिनिटांची अपेक्षा धरतात. घड्याळाकडे बघत नुसता वेळ काढल्याने कोंब सापडत नाहीत, हे खरे. पण घाईत तर ते नक्कीच सुटतात.

थकवा हेही एक कारण आहे. सकाळपासून एकामागून एक तपासण्या करणाऱ्या डॉक्टराला दिवस उतरताना कमी कोंब सापडतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच एका दिवसात किती तपासण्या ठेवायच्या, हा व्यवस्थेचाही प्रश्न आहे. पडद्याकडे लक्ष ठेवणारी अनुभवी नर्स, स्वच्छ चित्र देणारे यंत्र आणि भूल देणारी चांगली माणसे यांचाही त्यात वाटा असतो.

आता संगणकाची मदतही आली आहे. पडद्यावर कोंबासारखे काही दिसले की कृत्रिम बुद्धिमत्ता त्याभोवती चौकट काढते. याने अधिक कोंब सापडतात, असे अनेक चाचण्यांत दिसले. परंतु २०२५ साली पोलंडमधूनच एक सावध करणारी बातमी आली. तेथील चार केंद्रांत ही मदत सुरू झाल्यानंतर, त्याच अनुभवी डॉक्टरांनी जेव्हा तिच्याशिवाय तपासण्या केल्या, तेव्हा त्यांचे शोधाचे प्रमाण आधीच्या २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले होते. एका अभ्यासावरून अंतिम निष्कर्ष काढू नये. तरीही यंत्र आल्याने माणसाच्या नजरेचे काम संपले असे समजू नये, एवढा बोध त्यातून नक्की घ्यावा.

अर्धी तपासणी घरातच होते

येथवर डॉक्टरांविषयी लिहिले. आता आपल्याविषयी. आतड्यात मळ शिल्लक असेल तर सर्वांत तरबेज डॉक्टरही काही करू शकत नाही. काही ठिकाणी चारपैकी एका रुग्णाचे आतडे पुरेसे साफ नसते. मग एक तर तपासणी पुन्हा करावी लागते, किंवा कोंब राहून जातात आणि कोणाला कळतही नाही.

आतडे साफ करण्याची पावडर पाण्यात कालवून प्यावी लागते. प्रमाण बरेच असते, चवही बरी नसते. दोन पेले प्यायल्यावर जुलाब सुरू झाले की पुष्कळ जणांना वाटते, आता पोट साफ झाले, उरलेले कशाला? येथेच चूक होते. आतड्याचा उजवा भाग सर्वांत शेवटी साफ होतो आणि तिथले काही कोंब चपटे, चिकट स्रावाने झाकलेले असतात. ते दिसायला सर्वांत अवघड.

म्हणून आता औषध दोन भागांत घ्यायला सांगतात. अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. किमान दोन तास आधी ते संपलेले असावे. सगळे औषध आदल्या रात्रीच घेतले तर रात्रभरात लहान आतड्यातून उतरलेला पिवळा स्राव उजव्या भागावर पुन्हा पसरतो. तपासणी सकाळी नऊची असेल तर फजरच्या आधी उठून दुसरा भाग प्यावा लागतो. घरातील बुजुर्गांना त्या वेळी उठवणारे, पेला हातात देणारे, संडासापर्यंत सोबत करणारे कोणीतरी जागे असावे. ही घरच्यांची सेवा तपासणीचाच भाग आहे.

खाण्याचे पथ्यही महत्त्वाचे. डॉक्टर सांगतील तितके दिवस आधीपासून बियांचे आणि चोथ्याचे पदार्थ बंद करावेत. पेरू, अंजीर, तीळ, खसखस, सब्जा, पालेभाज्या, सालीसकट डाळी हे सगळे त्यात आले. शेवटच्या दिवशी फक्त आरपार दिसणारे पातळ पदार्थ चालतात. साधे पाणी, गाळलेले नारळपाणी, गाळलेले लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा, मसाला-भाजी न घालता केलेली आणि चरबी काढून गाळलेली यखनी. रूह अफजासारखे लाल रंगाचे सरबत मात्र नको. आतड्यात त्याचा रंग रक्तासारखा दिसतो.

लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. त्या सुमारे आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन, रक्त पातळ करणारी औषधे आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार यांविषयी डॉक्टरांना आधीच सांगावे. आपल्या मनाने औषध बंदही करू नये आणि चालूही ठेवू नये. शंका असेल तर फोन करून विचारावे.

रमजानमध्ये या तपासणीचा प्रश्न हमखास निघतो. काही तक्रार नसताना, नुसती खबरदारी म्हणून तपासणी करायची असेल तर ती रमजानच्या आधी किंवा ईदनंतर ठेवणे सोयीचे. रोजा सांभाळण्यासाठी सहरीतच घाईने सगळे औषध पिऊन टाकणे किंवा दुसरा भाग सोडून देणे यांनी तपासणी वाया जाते आणि शरीरातील पाणीही घटते. पण रक्त जात असेल, वजन उतरत असेल आणि डॉक्टर लवकर तपासणी करायला सांगत असतील, तर महिनाभर थांबू नये. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे, हे आपण सर्व जाणतो.

हया आणि तपासणी

या तपासणीचे नाव घेतले की अनेक जण, विशेषतः आपल्या घरांतील स्त्रिया, संकोचाने मागे सरतात. हा संकोच हसण्यावारी नेऊ नये. तो समजून घेऊन वाट काढता येते. स्त्री डॉक्टर हवी असेल तर वेळ घेतानाच विचारावे. पुष्कळ शहरांत त्या उपलब्ध आहेत. त्या नसतील तर खोलीत महिला नर्स असावी, अंग शक्य तितके झाकलेले असावे, अशी मागणी करणे अगदी रास्त आहे. मागून उघडणारी, एकदाच वापरायची चड्डी बऱ्याच ठिकाणी मिळते. आधी बोलून ठेवले की ऐनवेळी ताण येत नाही.

तपासणीला लोक येतात की नाही, हाही तिच्या गुणवत्तेचाच भाग आहे. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतील ८४,५८५ लोकांच्या चाचणीचे निकाल २०२२ साली आले. ज्यांना बोलावणे गेले त्यांपैकी ४२ टक्केच आले. दहा वर्षांनंतर, बोलावणे गेलेल्या साऱ्या गटात कर्करोगाचा धोका १.२० टक्क्यांवरून ०.९८ टक्क्यांवर आला, म्हणजे १८ टक्क्यांनी घटला. प्रत्यक्ष तपासणी करून घेतलेल्यांपुरता हिशेब केला तर घट सुमारे ३१ टक्के असावी, असा अंदाज निघाला.

कोंब काढणे, आणि त्यानंतर

सापडलेला कोंब पूर्ण निघाला पाहिजे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ ते २० मिलिमीटरच्या कोंबांपैकी सुमारे १० टक्के कोंब काढल्यावरही त्यांचा अंश मागे राहिल्याचे दिसले, आणि हे प्रमाणही डॉक्टरागणिक बदलत होते. राहिलेला अंश पुन्हा वाढू शकतो. काढलेला कोंब प्रयोगशाळेत जातो. त्याचा रिपोर्ट आठवणीने आणावा आणि डॉक्टरांना दाखवावा, कारण पुढची तपासणी केव्हा करायची हे त्यावरच ठरते. तपासणी उत्तम झाली आणि काहीच सापडले नाही, तर सर्वसाधारण धोक्याच्या माणसाला साधारण दहा वर्षे पुन्हा गरज पडत नाही. आतडे नीट साफ नसेल तर मात्र हा दहा वर्षांचा हिशेब लागू होत नाही.

तपासणीला थोडा धोकाही असतो. क्वचित रक्तस्राव होतो, त्याहून क्वचित आतड्याला छिद्र पडते. नंतर पोटात तीव्र दुखणे, ताप किंवा बरेच रक्त जाणे असे काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरातून निघण्याआधी आणि परतल्यावर

वाचकहो, डॉक्टरांना प्रश्न विचारणे ही बेअदबी नाही. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाचे चांगला डॉक्टर स्वागतच करतो. पुढील प्रश्न एका कागदावर लिहून घ्यावेत:

१. औषधाचे दोन भाग नेमके कोणत्या वेळी घ्यायचे? चालू असलेल्या औषधांचे काय करायचे?

२. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत पोहोचली का? रिपोर्टमध्ये तिथला फोटो आहे का?

३. आतड्याची सफाई कशी होती? अनेक ठिकाणी ‘बोस्टन’ मोजमाप लिहितात. आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण असतात आणि प्रत्येक भागाला किमान दोन असावेत.

४. परत येताना किती मिनिटे लागली?

५. कोंब किती, केवढे, कुठे होते? पूर्ण निघाले का? प्रयोगशाळेचा रिपोर्ट कधी मिळेल?

६. पुढची तपासणी केव्हा? तारीख लिहून द्याल का?

शेवटची गोष्ट कुटुंबाची. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल तर बाकीच्यांचा धोका वाढतो. त्यांना सहसा चाळिशीत, किंवा त्या नातलगाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करायला सांगतात. म्हणून अम्मी-अब्बांच्या आजाराचे नाव आणि त्या वेळचे वय मुलांना ठाऊक असू द्यावे. ‘पोटाचा आजार होता’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये नीट ठेवावेत आणि ती फाईल कुठे आहे, हे घरातील दोघा-तिघांना माहीत असावे.